आप्पांनी दाट केलेलं दूध

आप्पांचं दुधाचं दुकान जुनं, पण हल्ली तिथे त्यांच्या दुधापेक्षा सुनेच्या बाटल्याच जास्त खपायच्या. बाटल्यांत काय, तर सोयाबीनचं दूध! भिजवायचं, वाटायचं, गाळायचं, उकळायचं, की झालं. आणि त्यासाठी लोक दुकान उघडायच्या आधीच दारात हजर. आप्पांनी नाकं मुरडली, टोमणे मारले; मागणी काही कमी होईना. घर आता त्या बाटल्यांवरच चालायचं, त्यामुळे फार बोलायचीही सोय नव्हती.

त्यांचा खरा राग पातळपणावर होता. "अगं, हे काय दूध झालं? भांडं विसळलेलं पाणी बरं!"

"बाबा, लोकांना तसंच आवडतं," सून हसून म्हणायची.

आप्पांना ते पटेना. स्वतःच्या दुधात त्यांनी कधी पाण्याचा थेंब घातला नव्हता. आपल्या दुकानातून असलं पाणचट काही जातंय, याची त्यांना मनापासून लाज वाटायची. त्या सकाळी सून झाकणं आणायला आत गेली, तेवढ्यात आप्पांनी तिच्या पातेल्यात वगराळंभर सायीचं दूध ओतलं, ढवळलं आणि साळसूदपणे गल्ल्यावर येऊन बसले. चांगलंच करतोय की आपण, तेही फुकट!

"आज काय दाट झालंय हो!" एका गिऱ्हाइकाने तिथेच घोट घेऊन सांगितलं. सून खूश. आप्पा मिशीतल्या मिशीत हसले.

मग एक बाई घाईघाईने आली आणि बाटली घेऊन गेली. "ही रोज एवढ्या लांबून येते? घराजवळ दूध मिळत नाही का हिला?" आप्पांनी विचारलं.

"मिळतं की. पण हिच्या लेकीला साधं दूध चालत नाही. थेंब पोटात गेला तरी ओठ सुजतात, श्वास अडकतो. मागे दवाखान्यात ठेवावं लागलं होतं पोरीला."

आप्पा गल्ल्यावरून ताडकन उठले. "फोन लाव तिला. आधी फोन लाव!"

"का? काय झालं?"

"मी त्यात आपलं दूध घातलंय गं."

सुनेने लगेच नंबर फिरवला. फोन वाजत राहिला, कुणी उचलेना. तिने पत्ता सांगेपर्यंत आप्पा रस्त्यावर पोचलेसुद्धा. बाटली नासकी निघाली म्हणावं, परत घ्यावी, विषय संपला, असं वाटेत दहादा मनात आलं. आपलं नाव तरी राहील.

दार उघडलं. आत टेबलाशी चिमुरडी बसली होती, समोर भरलेला पेला.

"पिऊ नकोस!" आप्पा ओरडले. आईने झडप घालून पेला उचलला.

"नासलंय का?" तिने विचारलं.

आयती वाट मिळाली होती. आप्पांनी पोरीकडे पाहिलं. "नाही. त्यात आमचं दूध आहे. दाट व्हावं म्हणून मीच घातलं. तुमच्या लेकीचं मला माहीत नव्हतं."

बाई पांढरीफटक पडली. "मला दुसरीकडे भरवसा वाटत नाही म्हणून तुमच्याकडे येते मी, आजोबा. आता कुणाकडे जाऊ?"

आप्पांनी बाटली उचलली आणि मागे वळले. धापा टाकत आलेली सून जिन्यात उभी होती. तिचे डोळे भरले होते, पण आवाज करडा होता.

"दुकान बंद करून आलेय. बाकीच्या गिऱ्हाइकांच्या घरी जायचंय. सगळीकडे तुम्हीच सांगायचं, बाबा."

"सांगतो," आप्पा म्हणाले आणि तिच्या पुढे जिना उतरू लागले.