उर्मिला माझ्यावर कधी बसलीच नाही

माझं कोणी खरं मानलं नाही. खुर्चीचं कोण मानते? हिला तोंड नाही, म्हणून हिला काही समजत नाही, असंच सगळे धरून चालतात. पण कोण बसलं आणि कोण नाही बसलं, हे खुर्चीपेक्षा जास्त कोणाला ठाऊक राहते? मी बोलून राहिली, ऐकायचं तर ऐका.

मी सौंसरची. गुणवंता सुताराने मला प्राथमिक शाळेसाठी बनवली, चांगल्या सागवानाची. शाळेत सतरा वर्षं काढली, म्हणून शिक्षण म्हणाल तर पाचवीपर्यंत. पाढे येतात. गुरुजी लोक माझ्यावर बसून झोप काढायचे आणि साहेब आला की उभे राहून माझीच धूळ झटकायचे. मग प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या. मला जिन्याखाली टाकलं. तीन वर्षं कोणी टेकलं नाही. कबुतरं यायची, पण त्याला बसणं म्हणत नाहीत.

पांढुर्ण्याजवळच्या एका गावच्या सरकारी दवाखान्यात मनाच्या आजाराची खोली उघडली, तेव्हा मला जिन्याखालून सोडवलं ते सुचिता सिस्टरने. ती छिंदवाड्याला ट्रेनिंग करून आली होती. तिने मला साबणाने धुतलं, हिरवा रंग दिला, आपल्या टेबलासमोर ठेवलं आणि सगळ्यांना बजावलं की ही पेशंटची खुर्ची आहे. रोज सकाळी मला पुसणारी तीच. दुसऱ्या कोणी मला आजवर पुसलं नाही.

मंगळवारी खोली उघडायची. बाहेर बीपी-शुगरची लाईन, आत आम्ही दोघी. मनाचं दुखणं घेऊन कोणी येत नव्हतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीत दगड लागून डोकं फुटलेला माणूस सावरगावापासून टाके मिरवत येते, पण झोप उडालेली बाई डोकं दुखते एवढंच सांगते. सुचिता अशा बाईला आत घ्यायची, दार लोटायची, बसवायची. कितीतरी बाया माझ्यावर बसून पोटभर रडल्या. गोळ्या घेऊन गेल्या आणि दोन-तीन महिन्यांनी हसत आल्या. खोली कामाची होती, हे मी खोटं सांगत नाही.

मग उर्मिला आली. चोवीस-पंचवीसची असेल. मूल सात महिन्यांचं, नवरा नागपूरला कंपनीत. मूल झाल्यापासून तिला झोप नव्हती. चूल पेटवायची आणि भाकर न टाकता जाळाकडे पाहत राहायची. गावची आशा कार्यकर्ती कलाबाई तिच्या घरी पाच खेपा गेली, तेव्हा कुठं घरचे तिला दवाखान्यात आणायला तयार झाले. आणणारा कोण? तिचा सासरा, भिवाजी. सासू तर लग्नाच्या आधीच वारलेली.

आमच्याकडची रीत अशी, की सासऱ्यासमोर सून खुर्चीवर बसत नाही. भुईवर बसेल, उभी राहील, पण खुर्चीवर नाही. सुचिता म्हणाली, बसा उर्मिलाताई. उर्मिलाने पदर पुढं ओढला.

"ते उभी राहते जी. तुम्ही विचारा, मी सांगतो," असं म्हणून भिवाजी बसला. माझ्यावर. उर्मिला माझ्या मागं, माझी पाठ धरून उभी.

सुचिताच्या टॅबलेटात, त्या पाटीएवढ्या मोबाइलात, नऊ प्रश्न राहतात. झोप लागते का, ते भिवाजीने सांगितलं. भूक लागते का, तेही भिवाजीनेच. म्हणे, बापाच्या घरीही कमीच खात होती. शेवटचा प्रश्न, जीव नकोसा वाटते का?

"नाही जी. आमच्या घरी काय कमी आहे तिले?"

तेव्हा मागं तिची बोटं अशी आवळली, की नखं माझ्या रंगात रुतली. मी करकरली. माझ्यानं होईल तेवढं करकरली. सुचिता वाकली आणि माझ्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली. मग टॅबलेटात 'नाही' दाबलं.

असे सहा मंगळवार झाले. गोळ्या मिळायच्या, भिवाजी त्या बंडीच्या खिशात ठेवायचा. टॅबलेटात दर वेळी चढायचं, पेशंटशी बोलणं झालं. चौथ्या वेळी ते दोघं गेल्यावर कलाबाईला राहवलं नाही.

"सिस्टर, बुढ्याले बाहेर बसवा ना. त्याच्यापुढं ते काय बोलन?"

"त्यायले कसं म्हणू, कलाबाई? माझ्या बापापेक्षा मोठे आहेत. पाहू पुढच्या मंगळवारी."

पेशंटशी एकटं बोला, हे ट्रेनिंगमध्ये पहिल्याच दिवशी शिकवतात. मला ठाऊक आहे, कारण सुचिताच ते कलाबाईला शिकवत होती, माझ्यावर हात ठेवून.

सातव्या मंगळवारी उर्मिला आली नाही. सकाळी तिगाव स्टेशनच्या पुढं रुळावरून एकटी चालताना ती गँगमनला दिसली. गाडी यायच्या आत त्याने तिला हात धरून बाजूला घेतलं. भाऊ येऊन तिला माहेरी घेऊन गेला. पोर इकडंच राहिलं. ती कशी आहे, कोणी तिच्याशी बोलते का, मला कोण सांगणार?

चौकशीला मोठे साहेब आले. ते माझ्यावरच बसले. टॅबलेट पाहून म्हणाले, सहा वेळा बोलणं झालं आहे, आपल्याकडून काही राहिलं नाही. भिवाजी दारात हात जोडून उभा होता.

"मी तर दर मंगळवारी आणून राहिलो होतो जी. संत्र्याचा तोडा सोडून आणलं. अजून काय करू?"

गाव त्याला दोष देते. काही लोक उर्मिलालाच देतात, म्हणतात तोंड होतं तर बोलली का नाही. मीही कितीक दिवस म्हाताऱ्यावरच दात खात होती. पण तो आणत होता, हे खरं आहे. त्याला बाहेर बस म्हणून कोणी म्हटलंच नाही.

कलाबाई मात्र साहेबापुढं बोलली, की ते बाई या खुर्चीवर एकदाही बसली नाही, साहेब. साहेबांनी सुचिताकडं पाहिलं. "बसत होती ना?"

"हो सर. बसत होती."

त्या दिवसापासून तिने मला पुसलं नाही. मला वऱ्हांड्यात काढलं. आता माझ्यावर पाण्याची कॅन ठेवतात, मी ओलीच्या ओली राहते, पाय फुगून राहिले. आत नवी खुर्ची आली आहे, गादीची. तिच्यावरही कोणाचा तरी नवरा, कोणाचा तरी सासराच बसते. दार उघडं राहते, मला इथून दिसते.

तुम्ही घरच्या बाईला दवाखान्यात न्याल, तर जरूर न्या. मग बाहेर या आणि दार लावून घ्या. तुम्हाला कोणी सांगितलं नाही तरी या. कारण सांगायचं काम जिचं होतं, जिला सगळं येत होतं, जिने मला जिन्याखालून काढून माणसात आणलं आणि साहेबापुढं पापणी न लववता खोटं बोलली, तिचं नाव मी घेते. सुचिता.