चाळीस डबे आणि पिवळा विभाग

चाळिसावा डबा टेबलावर ठेवून लुडविनाने त्याचं झाकण अंगठ्याने दाबून बसवलं. आत भात होता, टिनमधला मासा होता आणि राजधानीचा हेतू होता. सभागृहात माणसं भिंतीला टेकून सुपारी चघळत बसली होती. एक वाजून गेला तरी एकानेही डब्याला हात लावला नव्हता.

"जेवून घ्या मंडळी," पुंडियासाहेब तिसऱ्यांदा म्हणाले. "निवून चाललंय."

"निवू दे की," मागून एक बाई म्हणाली. "आम्हाला कुठे घाई आहे? असली तर भाताला असेल."

जेरोम पुंडिया राजधानीतल्या नियोजन खात्याचे. माणूस मूळचा डोंगरातला, त्यामुळे सकाळी विमानातून उतरल्यापासून ते समुद्राकडे पाठ करूनच बसले होते. त्यांनी भिंतीवर देशाचा नवा नकाशा लावला होता. सगळ्या प्रांतांचे चार विकास विभाग, प्रत्येकाला एक रंग. आजवर पाताव बेट शेजारच्या बेटांबरोबर निळ्यात होतं. नव्या नकाशात ते मुख्य भूमीच्या उत्तर किनाऱ्याबरोबर पिवळ्यात गेलं होतं, कारण पिवळ्यात माणसं कमी पडत होती. चारही विभागांची लोकसंख्या सारखी आली की योजना आखणं सोपं जातं. पातावची अठ्ठावन्न हजार माणसं त्या बेरजेत चपखल बसत होती. अंतरही फारसं वाढत नव्हतं. नकाशावरचा समुद्र सपाट असतो.

सभेत ज्याचं अन्न दोनदा वाढून घेतलं त्याचा शब्द मानला, अशी पातावची रीत. एकदाचं खाणं भुकेचं, ते कोणी धरत नसे. राजधानीने ही रीत ऐकली होती, पण अर्धीच. म्हणून पुंडियांच्या अर्जात एक रकाना होता: 'उपस्थितांनी भोजन स्वीकारले'. तेवढी खूण झाली की सल्लामसलत पूर्ण आणि प्रांत पिवळा. पहिलं वाढणं आणि दुसरं यातला फरक अर्जाला कळेल याची खात्री नसल्यामुळे आज पाताव सकाळपासून उपाशी होतं.

"लुडविनाबाई," पुंडिया आवाज खाली आणून म्हणाले, "तुम्ही तरी एक उघडा. तुम्हाला बघून लोक बसतील."

"मला भूक नाही, साहेब."

"तुम्ही प्रांताच्या नियोजन अधिकारी आहात. सरकारी नोकर आहात."

"आहे ना. पोट तेवढं खासगी आहे."

पुढच्या रांगेत कोणी तरी फसकन हसलं. ती लुडविनाची मुलगी वेरो. आठवा महिना संपत आलेला, त्यामुळे सभागृहातली एकमेव खुर्ची तिला दिली होती. पहिल्या खेपेला मूल आडवं आलं तेव्हा इस्पितळाच्या बोटीने तिला पाच तासांत शेजारच्या बेटावर पोचवलं होतं. पोट फाडावं लागलं, पण दोघं वाचली. बोट विभागाची असते. विभाग बदलला की पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून ती उत्तर किनाऱ्याच्या इस्पितळाकडे जाणार होती. मधे उघडा समुद्र, आणि आग्नेयेचा वारा सुटला की चार महिने तिकडे कोणी होडी घालत नाही. वारा सुटायला पंधरा दिवस होते. लुडविनाने हे तीन अहवालांत लिहिलं होतं. तिन्हींना एकच उत्तर आलं होतं: वाऱ्याचा मुद्दा पुढील पंचवार्षिक आराखड्यात विचारात घेण्यात येईल.

पोमात हा गावातला सगळ्यात म्हातारा माणूस. तो चुन्याची डबी मिटत उठला.

"साहेब, त्या किनाऱ्याचं आमचं वाकडं नाही हो. माझ्या आज्याने तिथूनच बायको पळवून आणली होती. पहिल्याच आठवड्यात रुसून माहेरी निघाली, आणि वारा सुटला. चार महिने इथेच बसून भांडली बिचारी."

"मग?"

"मग माझा बाप झाला."

हसण्याच्या गलक्यातच बायका आत आल्या. त्यांनी केळीची पानं मांडली. नारळाच्या दुधात शिजवलेली अळकुडी, धुरावलेला मासा, सागो ताडाच्या पिठाच्या भाकरी. सभागृह जेवायला बसलं. चाळीस डबे टेबलावर सरकारी शिस्तीत उभे राहिले.

पुंडियांना स्वतःचाही डबा उघडता येईना. त्यांच्या डोंगरात पाहुण्यांच्या आधी यजमानाने खाणं म्हणजे लाज घालवणं, आणि इथे यजमान ते होते. पोमातने त्यांच्यासमोर एक पान ठेवलं.

"पहिलं वाढणं धरत नाही आम्ही. बिनघोर खा."

पुंडियांनी खाल्लं. सकाळपासून काही पोटात नसलेला माणूस खातो तसंच, बोटं चाटून. मग रिकाम्या पानाकडे बघत त्यांनी शेजारी बसलेल्या लुडविनाला विचारलं,

"समजा, मी राजधानीत जाऊन रकान्यात खूण करून टाकली. 'जेवले' म्हणून. इथे कोणाला कळणार आहे?"

"कोणालाच नाही."

"तुमची तक्रार?"

"ती तुमच्याच टेबलावर येईल."

"आणि तुमची नोकरी?"

"तीही तुमच्याच टेबलावर आहे, साहेब. तरी डबा उघडायची नाही मी."

पुंडियांनी वेरोकडे पाहिलं. ती पोटावर पान ठेवून जेवत होती. तिला वेगळं टेबल लागत नव्हतं. मग ते आल्यापासून पहिल्यांदाच वळून दाराबाहेर बघत राहिले. समुद्र अजून शांत होता. दूर कडेला मात्र पांढऱ्या रेघा उठायला लागल्या होत्या.

अळकुडीचं भांडं घेऊन बाई ओळीतून परत आली. पुंडियांसमोर ती थांबली. पोमातने चघळणं थांबवलं. लुडविना आपल्या पानातल्या माशाचे काटे गरजेपेक्षा जास्त काळजीने काढू लागली.

पुंडियांनी खिशातून पेन काढलं, टोपण घट्ट लावलं आणि परत ठेवलं. मग दोन्ही हातांनी पान उचलून पुढे केलं.

"मासा नको," ते म्हणाले. "अळकुडीच वाढा. आणि जरा सढळ हाताने."