शेवटचा मान

माझा स्वभाव तापट आहे. हे मीच आधी सांगून टाकते, म्हणजे दुसऱ्या कुणाला सांगायची तकलीफ नको. गावच्या वाचनालयात ग्रंथपाल म्हणून मला घ्यायचं ठरलं तेव्हा दोघा-तिघांनी अध्यक्ष व्यंकटराव पाटलांच्या कानावर घातलं होतं, "पोरगी हुशार हाय, पण तोंडानं लई फटकळ हाय." पाटील म्हणाले, "पुस्तकायशी कुठं बोलायचं असते?" तर ती मी, तांड्यावरच्या प्रेमदास राठोडांची रुपा. पुसेगावच्या पलीकडे आमचं गाव, आणि गावापासून हाकेच्या अंतरावर आमचा तांडा.

झालं असं, की विद्यापीठाच्या ग्रंथालयानं खेड्यांतल्या वाचनालयांना आपल्या डिजिटल ग्रंथालयात जागा द्यायची ठरवली. जुने फोटो, कागद, गाण्यांची रेकॉर्डिंग, जे असेल ते तिथं चढवायचं आणि जगात कुणीही कुठूनही बघायचं. कळमनुरीला प्रशिक्षण झालं, मी गेले. ते सॉफ्टवेअर काही डोक्यावरून जाणारं नव्हतं. वाचनालयाचं एक पान आणि त्या पानावर संग्रह, म्हणजे कोठीत कप्पे असतात तसे. प्रत्येक संग्रहाला नाव द्यायचं, त्यात वस्तू कोण चढवणार ते ठरवायचं आणि चढवलेली वस्तू तपासून मंजूर कोण करणार तेही ठरवायचं. मंजुरी नाही तर ती वस्तू कुणाला दिसत नाही, मग चढवणारा कितीही मोठा असो. हा शेवटचा नियम मला फार आवडला.

परत येताना एसटीतच मी पक्कं केलं, तांड्याचा संग्रह वेगळा करायचा. गावाच्या संग्रहाच्या पोटात नाही, बरोबरीनं. ग्रामपंचायतीच्या कागदावर आमचा तांडा म्हणजे गावातला एक वॉर्ड. रस्ता आला की आधी गावात, नळ आला की आधी गावात, उरलं तर तांड्याला. निदान या कोठीत तरी आमचा कप्पा आमच्या नावाचा असावा, एवढीच माझी जिद्द होती.

पाटलांना ते पटलं नाही. "तांडा गावातच येते ना? मंग येगळा कप्पा काहून?"

"मग तुमच्या घराण्याचा वेगळा काहून, काका? तुमी बी गावातच राहता."

मला वाटलं, गेली नोकरी. पण माणूस दिलदार आहे, फक्त मानाच्या बाबतीत हळवा. म्हणाले, "कर येगळा. पण एक ध्यानात ठेव. पोळ्याला हाय तोच नंबर इथं राहील. पहिले आमचं घर, मंग बाकीची घरं, सगळ्यात शेवटी तांडा. चढवताना ह्यात फरक पडला न्हाई पाहिजे."

आमच्या गावात पोळ्याला मारुतीसमोरच्या तोरणाखालून पहिली जाते पाटलांची मानाची जोडी. मग एकेका घराचे बैल, कुणाचे कुणाआधी हे ठरलेलं. त्यावरून मागं डोकी फुटलेली आहेत. आणि सगळे घरी जाऊन पुरणपोळीला बसले की मग तांड्याचे बैल. ज्यांचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घालायचे, त्यांचे बैल शेवटी. लहानपणापासून मला या गोष्टीचा संताप यायचा. पण वेगळा संग्रह हातात पडत होता, म्हणून मी संताप गिळला आणि "बरं" म्हणाले.

तांड्याचे नायक, म्हणजे मुखिया, थावरादादा. त्यांना सांगायला गेले, तर त्यांनी एवढंच विचारलं, "आपला नंबर कितवा?"

"शेवटचा, दादा."

"बराबर हाय. सवय हाय आपल्याला." त्यांचं ते शांतपणे म्हणणं मला पाटलांच्या अटीपेक्षा जास्त लागलं.

कामाला लागले. पाटलांच्या घराण्याचा संग्रह सगळ्यात आधी. उर्दूतली सनद, फेटेवाल्यांचे फोटो, पाटलांच्या आजोबांची घोडी. मंजुरी देणार त्यांचा मुलगा वैजनाथ. त्यानं सगळं मिनिटात मंजूर केलं, बघितलं तरी की नाही कोण जाणे. मग भजनी मंडळाची हस्तलिखितं, मग इतर घरं. शेवटी तांडा.

तांड्याच्या संग्रहाला मंजुरी देणारी म्हणून मी निर्मलाबाईंचं नाव घातलं. सगळा तांडा त्यांना याडी म्हणतो, म्हणजे आमच्या बोलीत आई. वाचनालयाच्या संगणकावर त्यांना दोनच बटणं दाखवली, एक 'मंजूर' आणि एक 'परत पाठवा'. याडींना दुसरंच जास्त आवडलं. फेटियावरच्या, म्हणजे आमच्या बायकांच्या घागऱ्यावरच्या, कशिद्याचे फोटो मी चढवले तर त्यांनी निम्मे परत पाठवले. का, तर कुणी शिवला त्या बाईचं नाव लिहिलं नव्हतं. प्रशिक्षणात सांगितलं होतं, माहीत नसेल तर 'अज्ञात' लिहा. याडी म्हणाल्या, "अज्ञात कोणाची लेक? बायानं डोळे फोडून शिवलं. नाव लिव, न्हाई तर राहू दे." मी घरोघर फिरले, नावं लिहिली. लदेणीची, म्हणजे बैलांवर माल लादून नेतानाची गाणी रेकॉर्ड केली, त्यातही प्रत्येक गाणारीचं नाव. खरं सांगते, गावातल्या एकाही संग्रहात इतक्या चोख नोंदी नव्हत्या. संध्याकाळी कुलूप लावताना मला माझाच अभिमान वाटायचा.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मी सगळं पान एकदा उघडून बघितलं, आणि बघतच राहिले. त्या सॉफ्टवेअरमध्ये जे शेवटी चढवलं ते सगळ्यात वर दिसतं. तांड्याची गाणी, तांड्याचा कशिदा, फोटोंसकट वर. पाटलांच्या आजोबांची घोडी तळाला, दुसऱ्या पानावर. नियम विद्यापीठाचा, सगळ्या वाचनालयांना एकच, मला बदलता येणारा नव्हता. पाटलांना आधी सांगता आलं असतं. नाही सांगितलं. चहा पिऊन झोपले आणि झोपही छान लागली.

दुसऱ्या दिवशी वाचनालयापुढं मांडव, पांढऱ्या कापडावर प्रोजेक्टर, विद्यापीठाच्या मॅडम, पुढच्या खुर्च्यांवर गाव आणि मागं सतरंजीवर तांडा. मॅडमनी पान उघडलं. कापडावर पहिल्यांदा आली आमच्या मिराबाईची कांचळी, म्हणजे चोळी, आरशांसकट. मागच्या सतरंजीवर बायका एकमेकींना कोपरानं ढोसायला लागल्या.

पाटील उठले. "आमचं कुठं हाय?"

मॅडमनी खाली सरकवलं. आणखी खाली. दुसरं पान. घोडी आली.

"आमी तर पहिले दिलं होतं."

"म्हणूनच खाली आहे," मॅडम हसून म्हणाल्या. "नवीन आलेलं वर दिसतं. सगळीकडे असंच असतं."

पाटलांनी माझ्याकडे बघितलं. मी प्रोजेक्टरच्या वायरकडे बघितलं. पाटील काही कमी नाहीत, क्षणात म्हणाले, "वैजनाथ, पळ. माडीवरचा पोळ्याचा फोटो घेऊन ये. तो आता चढवू. म्हणजे आमी शेवटचे."

हे ऐकलं आणि बाकीच्या घरांतही पळापळ सुरू झाली. कुणी आजीचा फोटो आणला, कुणी लग्नपत्रिका, एकानं तर भिंतीवरचं घड्याळच काढून आणलं. पण गंमत अशी, की टेबलापुढं रांग लागली आणि पुढं कुणी सरकेना. "तुमी घ्या आधी." "न्हाई न्हाई, तुमी मोठे, तुमी घ्या." पोळ्याला एकमेकांच्या उरावर बसणारी माणसं लखनौचे नवाब झाली होती. मला हसू आवरेना. मॅडमना काहीच कळेना.

तेवढ्यात मागून थावरादादा उठले. गर्दीनं वाट दिली, कारण दादा कधी उठत नाहीत.

"पाटील," ते म्हणाले, "शेवटचा नंबर आमचा हाय."

पाटील वळले, दादा पुढं बोलत राहिले.

"तुमच्या आजानं दिलेला हाय. माझ्या बापानं घेतला, मी घेतला. उन्हात बैल धरून उभं राहिलो, पण पुढं कधी घुसलो न्हाई. परवा तुमीच रुपाला सांगितलं, तांडा शेवटी. आमी बराबर म्हणलं. आता शेवटी उभं राहण्यात मान हाय म्हणून तो बी तुमीच घेणार?"

आवाज चढलेला नव्हता. मला वाटायचं दादांना सवय झालीय. त्यांना सवय झालेली नव्हती, ते नुसते थांबलेले होते. त्या घटकेला मला त्यांचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले, आणि मी सहसा रडत नाही.

पाटलांच्या हातात वैजनाथनं आणलेला फोटो होता. ते खाली मान घालून त्या फोटोकडं बघत होते. मान वर न करताच म्हणाले, "न्हाई, नायक. दिलेला मान आमच्या घरानं कधी परत घेतला न्हाई. आज बी घेत न्हाई." मग मला म्हणाले, "रुपा, हा फोटो आमच्या संग्रहात नको घालू. तांड्याच्या घाल. ह्यात तांड्याची माणसं बी हायत."

मी फोटो स्कॅन करून कापडावर दाखवला. मारुती, तोरण, पुढं पाटलांची जोडी ऐटीत. आणि पार टोकाला, धुळीत, बैल धरून उभी पाच-सहा माणसं. थावरादादा जवळ गेले आणि त्यातल्या एकावर बोट ठेवून तसेच उभे राहिले. ते त्यांचे वडील होते. त्यांचा दुसरा फोटो कुणाकडं नव्हता.

अध्यक्ष म्हणून पाटलांना सॉफ्टवेअरमध्ये चढवायचा अधिकार होता. मी त्यांच्या नावानं, ते सांगतील तशी नोंद लिहून, फोटो चढवला. लोक टाळ्या वाजवायला लागले.

"थांबा," मी म्हणाले. "अजून मंजूर झाला न्हाई."

"आता कोणाची मंजुरी?" पाटलांनी विचारलं.

"याडीची."

याडी सतरंजीवरून उठल्या, सावकाश संगणकापाशी आल्या. नोंद वाचून दाखवायला सांगितली. मी वाचली, पाटलांच्या पूर्वजांचं नाव, जोडीचं नाव, 'आणि इतर'. याडींनी बटण दाबलं. पाटलांच्या खिशातला मोबाइल टुणकन वाजला. त्यांनी चष्मा लावून वाचलं, "आपली नोंद दुरुस्तीसाठी परत पाठवली आहे. निर्मलाबाई जाधव."

भर मांडवात, गावच्या पाटलांना. वैजनाथ ताडकन उभा राहिला. पाटलांनी त्याला हातानंच बसवलं.

"काय चुकलं, बाई?"

"इतर कोण?" याडी म्हणाल्या. "आमच्या कप्प्यात इतर चालत न्हाई. नावं लिवा, मंग घेते."

मला वाटलं, आता बिघडलं सगळं. वेगळा संग्रह जातो, नोकरी जाते, फोटोही जातो. पण मी तोंड उघडलं नाही, कारण याडी बरोबर होत्या आणि नियम माझ्याच हातानं घातलेला होता.

पाटील खुर्चीवरून उठले. सतरंजीच्या कडेला थावरादादांशेजारी जाऊन मांडी घालून बसले. खिशातला पेन काढला, कार्यक्रमपत्रिका उलटी केली. "सांगा, नायक. डावीकडून घेऊ."

दादा सांगत गेले. एका माणसावर अडले, तर मागून म्हाताऱ्या बायकांनी ओळखला. त्यावर पाटील म्हणाले, "ह्याला मी पाहिलेला हाय. आमच्या शेतातल्या आखाड्यावर कामाला यायचा." आणि स्वतःच त्याच्या बापाचंही नाव लिहिलं. शेवटचं नाव दादांच्या वडिलांचं. ते पाटलांनी विचारलं नाही. त्यांना माहीत होतं.

मी नावं घातली. याडींनी सगळी पुन्हा ऐकली, एका ठिकाणी आडनाव दुरुस्त करायला लावलं आणि या वेळी 'मंजूर'चं बटण दाबलं. फोटो पानावर सगळ्यात वर आला.

मोबाइल पुन्हा वाजला. पाटलांनी वाचलं, आणि शेजारच्याला, मग पलीकडच्याला, मग मॅडमना नेऊन दाखवलं.

"बघा," ते म्हणत होते, "निर्मलाबाईनं घेतला आमचा फोटो."