संदर्भ नसलेलं वाक्य

मोठ्या सिस्टरांनी पीएचडीचं मनावर घेतलं तेव्हा वॉर्डातल्या पोरी आडून हसल्या. पन्नाशीला टेकलेली बाई, चष्म्याचा नंबर वाढलेला, आणि म्हणे संशोधन! नवरा म्हणाला, "लग्नाच्या वेळी एवढी तयारी केली नव्हतीस." पण बाई हटल्या नाहीत. ड्यूटी सांभाळून सहा महिने आराखडा लिहिला. विषय साधाच. ड्यूटी बदलताना एक नर्स दुसरीला पेशंटची माहिती देते, त्यात काय काय सांगायचं राहून जातं?

मार्गदर्शक सर महाकडक. प्रत्येक वाक्याला संदर्भ द्या, नाहीतर वाक्य खोडा, असा त्यांचा खाक्या. एक वाक्य त्यांनी तीनदा खोडलं आणि बाईंनी तीनदा परत लिहिलं. 'एका रुग्णाने इंजेक्शनची ॲलर्जी असल्याचे सांगितले होते, पण ड्यूटी बदलताना ते सांगायचे राहिले आणि रुग्ण दगावला.'

"हे आणलंत कुठून?" सर वैतागले. "समिती नेमकी इथंच पकडेल."

"राहू द्या, सर," एवढंच त्या म्हणाल्या.

शिक्षणासाठी मिळणारी हॉस्पिटलची सवलत यंदा संपत होती. आज समितीनं नाकारलं की विषय कायमचा बंद. लांब टेबलापलीकडे तिघं बसलेले, प्रोजेक्टर घरघरतोय, खिडकीतून येणाऱ्या उन्हानं अर्धी अक्षरं पुसट झालेली. तरी मुलीनं करून दिलेल्या स्लाइड्स बाईंनी न अडखळता संपवल्या. सरांच्या जिवात जीव आला. मग समितीच्या अध्यक्षबाईंनी हातातलं पान उलटलं.

"चौथ्या पानावरच्या या वाक्याला संदर्भ नाही."

"काढून टाकतो, मॅडम," सर घाईनं म्हणाले. "नजरचुकीनं राहिलंय."

मान हलवली असती तर सुटल्या असत्या की! बारा वर्षं मूग गिळून काढलीच होती, आणखी थोडी काय जड होती? पण त्या वाक्यासाठी तर हा सगळा खटाटोप केला होता, हे बाईंना तिथं उभं राहिल्यावर कळलं, आणि त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

"नजरचूक नाही," त्या म्हणाल्या. "त्या पेशंटनं मला सांगितलं होतं. दुपारी दोनला ड्यूटी बदलली. मुलीला शाळेतून आणायचं होतं, मी घाईत निघाले. पुढच्या सिस्टरला सांगायचं विसरले, कागदावरही लिहिलं नाही. तिनं इंजेक्शन दिलं. चौकशीत सगळं खापर तिच्यावर फुटलं, नोकरी गेली. मी गप्प बसले."

सरांनी पेनाला टोपण लावलं.

"त्या सिस्टर हल्ली कुठं असतात?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"औषधांच्या दुकानात काम करते. माझ्या घरापासून बसनं चार थांबे."

"त्यांना हे ठाऊक आहे?"

"नाही."

अध्यक्षबाईंनी कागद मिटून बाजूला ठेवला. "आराखडा चांगला आहे. पण निर्णय आज देणार नाही. हॉस्पिटललाही तुम्हाला हे लेखी कळवावं लागेल, मग नोकरीचं काय होईल ते मी सांगू शकत नाही. मात्र हे आमच्याआधी त्या सिस्टरनी ऐकायला हवं होतं. आधी त्यांच्याकडे जाऊन या."

चौथ्या थांब्यावर उतरून बाई दुकानाकडे निघाल्या. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. त्या मागं उभ्या राहिल्या. काउंटरपलीकडची ती, आता केस पिकलेली, चिठ्ठीतलं प्रत्येक औषध दोनदा वाचून देत होती आणि देताना विचारत होती, "कशाची ॲलर्जी नाही ना?" दोघांनाही विचारलं.

मग बाईंचा नंबर लागला.

"अगं, तू? किती वर्षांनी," ती हसली. "काय देऊ?"

"औषध नकोय. तुला एक सांगायचं राहिलंय," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "त्या दिवशी दुपारी दोनला सांगायला हवं होतं."

तिचं हसू मावळलं. तिनं हातातली चिठ्ठी खाली ठेवली.

"मग सांग," ती म्हणाली.