कपाटावरचा निळा रोल

मित्रांनो, मी खांद्याला लावायच्या निळ्या पट्टीचा एक जुना रोल आहे. मोहगावला गुणवंताकाकांच्या घरी, लोखंडी कपाटावर धूळ खात पडलो आहे.

कारखान्यात सुती कापडात लवचीक धागे विणून मला घडवलं, पाठीला डिंक लावला. ताणायचं आणि परत आखडायचं, एवढंच माझं शिक्षण.

पांढुर्ण्याला अनुराधा मॅडम खांदेदुखीवर उपचार करतात. दिवसभर हात वर करून संत्री तोडून काकांचा उजवा खांदा दुखावला होता. मॅडमनी तारा लावून स्नायूंचं काम मशीनवर पाहिलं. मानेजवळचा स्नायू उगाच राबत होता आणि पाठीतला खालचा आळसावला होता. मग त्यांनी माझा एक तुकडा कापून, जेमतेम ताणून खांद्यावर अलगद चिकटवला. वरचा थोडा शांत झाला, खालचा थोडा जागा झाला. थोडाच बरं का! पण काका हसले आणि मला माझंच कौतुक वाटलं.

"काका, पट्टीनं दुखणं कमी वाटेल. खांदा बरा होईल तो व्यायामानं. आणि लावताना पट्टी ताणू नका," असं म्हणून मॅडमनी मला आणि व्यायामाचा कागद काकांच्या हाती दिला. काकांनी त्याची सुरळी करून माझ्या पोकळीत खुपसली. घरी आल्यावर उजव्याच हातानं मला कपाटावर ठेवलं.

पुढच्या वर्षी बाग संत्र्यांनी लदलदली. फांद्यांना जागोजागी बांबूचे टेकू दिले होते. खांदा पुन्हा ठणकू लागला, तेव्हा काकांनी मला खाली काढलं आणि लेकीला हाक मारली.

"सायली, ओढून घट्ट लाव. फांदीले टेकू देल्ला का ते मोडत नाई. खांद्याचंही तसंच हाय."

"बाबा, मॅडमनं ताणू नका म्हटलं होतं ना! अन् व्यायाम कुठं करून राहिले तुम्ही?"

"संत्र्यांचा तोडा होऊ दे. मंग करतो."

मित्रांनो, मी टेकू नव्हतो हो! मला ओरडून सांगायचं होतं, पण पट्टीला कुठलं तोंड? सायलीनं मला ओढून घट्ट लावलं, दुखणं दबलं आणि काका तीन दिवस शिडीवरून उतरलेच नाहीत. चौथ्या दिवशी संत्र्यांनी भरलेलं कॅरेट उचलताना खांद्यात काहीतरी तुटलं. मी तिथेच चिकटून होतो. ती तुटण्याची कळ माझ्यापर्यंत आली, ती अजून गेलेली नाही.

नागपूरच्या दवाखान्यात नेलं, पण हात छातीच्या वर जाईना. आता सायली त्यांना सदरा घालून देते. बागेत ते झाडाखाली उभे राहून नुसते वर बघतात.

परवा घरात कुणी नव्हतं. काका कपाटापाशी आले आणि माझ्याकडे हात उचलू लागले. हात अर्ध्यावर थांबला.  मग काका पाठ फिरवून निघून गेले.

तो कागद अजून माझ्या पोटात आहे, एकदाही न उलगडलेला. मित्रांनो, तुमच्या घरी कुणी माझ्यासारखी पट्टी आणली, तर ती चिकटवण्याआधी तेवढा व्यायामाचा कागद उघडा.