निळ्या कापशीची आंघोळ

मी एक जुना टब आहे, मित्रांनो. पत्र्याचा, दोन कड्यांचा आणि तळाशी गंजलेला. गंजाला नाक मुरडू नका. तो कसा आला, ते ओघात कळेलच.

मला घडवणाऱ्या पत्रेवाल्याने मला असं काही बडवलं, की आठवलं तरी अंग ठणकतं. पण काम चोख! थेंबभर पाणी गळत नसे. तिथून मी एका लॉन्ड्रीवाल्यांच्या घरी आलो. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. कपड्यांशी माझा संबंध नव्हता, त्यांना हौद होता. माझा मान मोठा. घरातल्या बाळांची आंघोळ माझ्यात! आज दुकान चालवतात ते बाबा लहानपणी माझ्यातच भोकाड पसरायचे, आणि त्यांची मोठी बहीण त्यांना न्हाऊ घालायची. पुढे बाबांची लेक चिऊ माझ्यातच पाय आपटत मोठी झाली. सगळे माझं कौतुक करायचे आणि मी फुगून जायचो.

मग घरात प्लास्टिकचा गुलाबी टब आला. माझी रवानगी मागच्या दारी झाली, तीही आतल्या पाण्यासकट. कुणी मला पुसलंसुद्धा नाही. ते पाणी माझा तळ खात राहिलं. वाईट वाटायचं हो, खोटं कशाला बोलू?

पण माझे दिवस पालटले ते कापशीमुळे. कापशी म्हणजे चिऊची पांढरीशुभ्र कोंबडी. पाणी आटल्यावर चिऊने माझ्यात चिंध्या पसरल्या आणि ही बाईसाहेब येऊन बसली. स्वतःभोवती गोल फिरली, कुरकुरली, आणि अंडं घालून मोकळी झाली! तेव्हापासून रोज सकाळी तिच्या पोटाची ऊब माझ्या तळाला लागायची. पुन्हा एकदा बाळ सांभाळल्यासारखं वाटायचं मला.

एकदा बाबांनी पांढऱ्या कपड्यांसाठी बादलीत नीळ कालवून ठेवली होती. कापशीला भारी चौकसपणा. चढली काठावर, आणि धपकन आत! बाहेर आली ती निळीजांभळी. चिऊ आधी पोट धरून हसली. मग कापशी चोचीने पिसं साफ करू लागली, तशी ती रडवेली झाली.

"बाबा, नीळ तिच्या पोटात जाईल!"

"रडतेस काय? डाग काढण्यात माझा हात कोण धरणार?" बाबा म्हणाले.

गुलाबी टब कधीच तडकला होता, म्हणून माझी आठवण झाली. बाबांनी सगळं मन लावून केलं, पण दुकानातल्या रीतीने केलं. रंग पसरू नये म्हणून पाणी गार घेतलं. लोकरीचा साबण लावला. पीळ न देता हलकेच दाबून पाणी काढलं. आणि नाजूक कापड सावलीत, वाऱ्यावर वाळवतात, म्हणून पाणी ओतून टाकलं आणि तिला माझ्यातच बसवून मला बोळातल्या वाऱ्यात ठेवलं. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, बाबा पुढे गेले. चिऊही निर्धास्त होऊन आत गेली.

मित्रांनो, कापशी थरथरत होती. तिच्या नखांची टकटक माझ्या पत्र्यावर ऐकू येत होती. हळूहळू तीही थांबली. तिने मान टाकली, डोळे मिटले. माझा पत्राही गार. मी तिला काय ऊब देणार? हाक मारायला तोंड नाही, उचलायला हात नाहीत. जीव नुसता तीळतीळ तुटत होता.

तेवढ्यात मागच्या दाराने बाबांची बहीण, म्हणजे चिऊची आत्या आली. ती बाळंतपणाच्या दवाखान्यात नव्या बाळांना सांभाळते. तिने कापशीला उचललं आणि घर दणाणून सोडलं.

"अरे, शर्ट आहे का हा वाळत घालायला? तुला याच टबात न्हाऊ घालत होते मी! कधी दोरीवर टांगलं होतं का रे?"

बाबा आणि चिऊ धावत आले. बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. आत्याने मला आत घेतलं, खिडक्या लावल्या. माझ्यात कोमट पाणी ओतलं, आधी कोपर बुडवून पाहिलं. पाणी कापशीच्या छातीपर्यंतच, मान वर, पंखांवर हलका हात. पिसांतला साबण निघून गेला आणि थरथर परत आली. "आता जगेल," आत्या म्हणाली. मग तिने कापशीला टॉवेलात गुंडाळलं. बाबांनी केस वाळवायचं मशीन लांब धरलं, झोताची धग आधी स्वतःच्या हातावर घेत. आत्या पिसं बाजूला करून बघायची, "वरून वाळलीय, आत ओलीच आहे अजून." कातडीपर्यंत कोरडी होईस्तोवर कुणी जागचं हललं नाही. दुकानात गिऱ्हाईक हाका मारत होतं, पण बाबांनी मान वळवली नाही.

शेवटी कापशीने अंग झाडलं आणि ठसक्यात "कॉक" केलं. चिऊ हमसून हमसून रडली. बाबांनी तिला जवळ घेतलं, पण त्यांचेही डोळे भरले होते.

नवी पिसं येईपर्यंत कापशी फिकट निळीच राहिली. डाग काही पुरता गेला नाही, म्हणून आत्या अजून बाबांना चिडवते.

त्या दिवशी सगळे उठल्यावर चिऊ माझ्याजवळ आली. तिने माझ्यातलं पाणी ओतून टाकलं, कोरडं फडकं घेतलं आणि माझा गंजका तळ, कडा, कड्या सगळं पुसून काढलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. म्हणून मित्रांनो, तुमच्याकडे माझं एवढंच मागणं आहे. आंघोळ कोंबडीला घाला, बाळाला घाला, नाहीतर माझ्यासारख्या टबात पाणी भरा. पण ज्याला भिजवलंत, त्याला कोरडं केल्याशिवाय सोडून जाऊ नका.