फुलांच्या टोपीखाली

मित्रांनो, मी एक जुनी, जाड काचेची बरणी आहे. बोलूनचालून खाऊची बरणी, म्हणून मला पाहिलं की मुलं जवळ येतात. पण आजची माझी कथा गोड नाही. ती सांगताना अजूनही मला कापरं भरतं. तेव्हा जरा सरकून, जवळ बसून ऐका.

वाळू भट्टीत वितळते, साच्यात पडते आणि आमचा जन्म होतो. त्या आगीचंही मला एवढं भय वाटलं नव्हतं. मुरंबा भरून मी दुकानात आले. मुरंबा संपला की बहुतेक बरण्या उकिरडा गाठतात. देवाची कृपा, की मी अशा घरात पडले जिथे काहीच टाकून देत नसत.

त्या घरात आई, आत्या आणि छोटी भिंगरी. बाबा बोटीवर नोकरीला. आई कपडे धुण्याच्या कारखान्यात जायची आणि घर आत्या सांभाळायची. आत्याचा हात म्हणजे काय सांगू! फाटक्या सदऱ्याची पिशवी व्हायची, मेणबत्त्यांच्या थोटकांची नवी मेणबत्ती व्हायची. संत्र्याच्या साली ती दोनदा उकळायची, कडू पाणी ओतून द्यायची, मग त्या साखरेच्या पाकात पारदर्शक होईपर्यंत शिजवायची. वाळवून, वरून साखर भुरभुरून, त्या शुभ्र साखरसाली माझ्यात भरायची. लोक जे फेकतात त्याचं तिने सोनं केलं आणि ते सोनं माझ्या पोटात ठेवलं. मी धन्य झाले.

"वन्सं, तुमच्या हाती लागली तर तुम्ही चपलेचाही मुरंबा कराल," आई म्हणायची.

"करेन की. तुमची जुनी झाली का तेवढं सांगा, वहिनी."

आत्याने सगळ्या बरण्यांना चिंध्यांच्या टोप्या शिवल्या होत्या. फुलाफुलांची टोपी म्हणजे खाऊ, खुशाल घ्यावा. काळी टोपी म्हणजे हात लावायचा नाही. भिंगरीला अक्षरं येत नव्हती, पण टोप्या तिला चांगल्या वाचता येत. फुलांची टोपी कायम माझ्या डोक्यावर. मला तिचा केवढा अभिमान होता!

आणि त्याच टोपीने घात केला.

एका दुपारी आत्याने तळणाच्या उरलेल्या तेलाचा साबण करायला घेतला. साबणाला कॉस्टिक सोडा लागतो. तो पांढरा, चकचकीत, थेट साखरेच्या पापुद्र्यांसारखा. पण अंगावर पडला तर कातडी जाळतो आणि पोटात गेला तर काही उरत नाही. त्याची कागदी पुडी खालून ओली होऊन फाटायला आली होती. ओट्यावर मी रिकामी, धुतलेली, कोरडी उभी होते. आत्याने सगळा सोडा माझ्यात ओतला. काळी टोपी धुऊन दोरीवर वाळत होती. झाकण लावल्यावर सवयीने तिचा हात फुलांच्या टोपीकडे गेला.

"आत्ता तर वापरायचाय," ती स्वतःशीच पुटपुटली.

तेवढ्यात खिडकीतून शेजारच्या काकूंची हाक आली, "अहो, तुमची चादर उडून गटाराकडे चाललीय. पळा लवकर."

आत्या धावली. आई कामावरून येऊन आतल्या खोलीत आडवी झाली होती. स्वयंपाकघरात मी एकटी. पोटात जहर आणि डोक्यावर फुलं.

मित्रांनो, काचेला घाम फुटत नाही म्हणतात. मला फुटला. देवा, आत्या येऊ दे, दुसरं कुणी नको, एवढंच मी म्हणत राहिले.

आली ती भिंगरी.

खेळून आल्यावर ती शहाण्यासारखी हात धुऊन आली. पुसले मात्र नाहीत. माझी टोपी पाहिली आणि तिचा चेहरा फुलला. स्टूल ओढलं, मला छातीशी धरून उतरवलं आणि फरशीवर मांडी घालून बसली. तिचं काळीज माझ्या काचेवर धडधडत होतं, आनंदाने. माझं भीतीने. मला हात नव्हते, की तिचा हात धरावा. तोंड होतं, पण त्याला वाचा नव्हती. झाकण तरी घट्ट बसावं म्हणून मी सारं बळ लावलं. ते फिरलं.

साली संपून नुसती साखर उरली असं समजून तिने चिमूटभर पापुद्रे ओल्या तळव्यावर घेतले. आता तोंडात जाणार, असं वाटून माझा धीरच सुटला. पण त्या घरात एकट्याने खायची रीत नव्हती. ती बोटाने ढीग वेगळे करू लागली.

"हे आईचे. हे आत्याचे. आत्याला थोडे जास्त, तीच करते ना. हे बाबांचे, ते आले की. आणि हे माझे."

वाटे घालता घालता सोडा ओलीत विरघळला. आधी तळवा बुळबुळीत झाला आणि मग पेटला.

तिची किंकाळी ऐकून आई धावत आली. कारखान्यात रोज असली रसायनं पाहणाऱ्या आईला पाहताक्षणी कळलं. तिने लेकीला उचललं आणि तिचा हात नळाखाली धरला. धडपडीत मी कलंडले, ओट्याच्या पायावर आपटले, गळ्याचा टवका उडाला.

आत्या चादर घेऊन दारात उभी. "मी लिंबू आणते, वहिनी."

"काही लावायचं नाही. नुसतं पाणी. भिंगरे, तोंडात घातलंस का गं? खरं सांग."

"नाही. आधी सगळ्यांचे वाटे घालत होते."

हात कितीतरी वेळ पाण्याखाली होता, तरी आई धार बंद करेना. मग डॉक्टरकडे नेलं. तळव्यावर फोड आले, पण हात वाचला. "जिभेला लागलं असतं तर मी काही करू शकलो नसतो," डॉक्टर म्हणाले. परत आल्यावर आत्या माझ्यासमोर बसून रडली. "माझ्याच हाताने, वहिनी." आई तिच्याजवळ बसली, पण "जाऊ द्या" म्हणाली नाही. जाऊ देण्यासारखं ते नव्हतंच.

देवाने त्या लेकराला वाटून खायच्या सवयीतून वाचवलं, असं मी मानते. पण मित्रांनो, देवावर भार टाकून डोळे मिटून बसू नका. तुमच्या घरी जुन्या बाटल्या-बरण्या पुन्हा वापरा, जरूर वापरा. मात्र खाऊच्या भांड्यात खाऊच ठेवा. मोठी माणसं दुसरं काही भरताना दिसली तर त्यांना अडवा. ती रागावली तरी अडवा. आणि घरातला कुठलाही पांढरा खडा विचारल्याशिवाय तोंडात घालू नका.

भिंगरी आता प्रत्येक घासाआधी विचारते, "हे खायचंच आहे ना?" आत्या आधी स्वतः खाऊन दाखवते.

माझ्यात आता कुणी खाऊ ठेवत नाही, ते योग्यच. माझ्यात जुन्या सदऱ्यांची बटणं आहेत आणि मी सगळ्यांत वरच्या फळीवर आहे. तरी खाली कुठे स्टूल सरकल्याचा आवाज आला की मी दचकते. कारण बटणंही गिळता येतात.